उणे ३७.६३ : तेलाच्या भावमालिकेतल्या एका ओळीचं प्रकरण

अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाकडे (ईआयए) वेस्ट टेक्सास इंटरमीजिएट, म्हणजे डब्ल्यूटीआय जातीच्या कच्च्या तेलाचे रोजचे हजर भाव १९८६ पासून नोंदलेले आहेत. ते कुणालाही फुकट उतरवून घेता येतात, आणि तेलाच्या भावावर प्रकल्प करणारे बरेच विद्यार्थी सुरुवात तिथूनच करतात. त्या हजारो ओळींमध्ये उणे चिन्ह असलेली ओळ एकच आहे. १७ एप्रिल २०२०, शुक्रवार : बॅरलमागे १८.३१ डॉलर. २० एप्रिल, सोमवार : उणे ३६.९८. २१ एप्रिल, मंगळवार : ८.९१. (शीर्षकातला उणे ३७.६३ हा त्याच सोमवारचा वायद्याचा भाव, त्याकडे पुढे येतो.)

या एका ओळीचं काय करायचं, यावर तेलाच्या अस्थिरतेबद्दलचे बरेच निष्कर्ष फिरतात. गंमत अशी, की हा निर्णय पुष्कळदा अभ्यासक घेतच नाही, सॉफ्टवेअर परस्पर घेऊन टाकतं. भावमालिका हाती आली की पहिलं काम ठरलेलं : प्रत्येक भावाचा लॉगरिदम काढायचा, आजच्या लॉगमधून कालचा वजा करायचा, की दैनंदिन परतावा मिळाला. उणे संख्येचा लॉग निघत नाही. संगणक तिथे रिकामी जागा सोडतो, पुढची आज्ञा रिकाम्या ओळी गाळते, आणि सोमवार-मंगळवारचे दोन्ही परतावे मालिकेतून गायब होतात. आधी ती ओळ काढून मग परतावे काढले, तर शुक्रवारवरून थेट मंगळवारवर उडी पडते आणि लॉगच्या मापात उणे ०.७२ असा एकच परतावा उरतो. आलेख दोन्ही वेळा व्यवस्थित दिसतो. तेलाच्या वायदेबाजाराच्या इतिहासातला सगळ्यात विलक्षण दिवस त्यात नाही, हे मात्र आलेखाकडे पाहून कुणाच्या लक्षात येत नाही.

मासिक सरासरी वापरणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. ईआयएची एप्रिल २०२० ची डब्ल्यूटीआयची सरासरी १६.५५ डॉलर आहे. गुड फ्रायडेची सुट्टी सोडली तर त्या महिन्यात व्यवहाराचे २१ दिवस होते. उणे ३६.९८ ची एक नोंद बाजूला काढून उरलेल्या २० दिवसांची सरासरी काढा, ती सव्वाएकोणीसच्या आसपास येते. म्हणजे एका दिवसानं महिन्याचा भाव सुमारे पावणेतीन डॉलरनं खाली ओढला. मासिक आकड्यांवर काम करणाऱ्याला उणे चिन्ह दिसतच नाही, आणि त्याचा परिणाम मात्र त्याच्या समीकरणात मुरलेला असतो.

तेल होतं, जागा नव्हती

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो, कारण ती बऱ्याच जणांना आठवत असेल. ६ मार्च २०२० ला व्हिएन्नामध्ये ओपेक आणि रशिया यांची उत्पादन कपातीची बोलणी फिसकटली. सौदी अरेबियानं भाव पाडून विक्री सुरू केली आणि ९ मार्चच्या सोमवारी ब्रेंट तेल (उत्तर समुद्रातलं, जगभर भावाचा मापदंड मानलं जाणारं) एका दिवसात जवळपास पाव हिश्शानं घसरलं. जानेवारी १९९१ मधल्या आखाती युद्धाच्या सुरुवातीनंतरची ही सर्वांत मोठी एकदिवसीय घसरण. तेवढ्यात कोरोनामुळे जग बंद झालं. जगाचा रोजचा वापर साधारण १० कोटी बॅरलचा. एप्रिलमध्ये तो वर्षभरापूर्वीच्या तुलनेत दिवसाला २ कोटी ९० लाख बॅरलनं कमी असेल, असा अंदाज आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनं वर्तवला. १२ एप्रिलला ओपेक आणि साथीदार देशांनी दिवसाला ९७ लाख बॅरलची कपात मान्य केली, पण ती लागू होणार होती १ मेपासून. एप्रिलचं तेल विहिरींतून निघालेलं होतं, नळांतून वाहत होतं, जहाजांवर चढलेलं होतं.

विहीर नळासारखी बंद करता येत नाही. बंद करायला खर्च येतो, पुन्हा सुरू करायला त्याहून जास्त, आणि काही विहिरी बंद केल्या तर पूर्वीइतकं तेल पुन्हा देतील याची खात्री नसते. म्हणून भाव पडला तरी उत्पादक काही काळ तेल काढत राहतो. मार्च महिन्यातच वायोमिंगमधल्या डांबराच्या कामाला येणाऱ्या जड तेलाला बॅरलमागे उणे १९ सेंट अशी बोली आली होती. ‘तेल मी नेतो, पण वर पैसे तुम्हीच द्या,’ असा तिचा अर्थ. बातमी किरकोळ समजून बहुतेकांनी पान उलटलं.

आता वायदा म्हणजे नेमका काय सौदा, ते बघू. न्यूयॉर्क मर्कंटाइल एक्स्चेंजवरचा (आता सीएमई समूहाचा भाग) डब्ल्यूटीआयचा एक वायदा म्हणजे १,००० बॅरल तेल, आणि त्याची डिलिव्हरी ओक्लाहोमा राज्यातल्या कुशिंग या गावी. कुशिंगला समुद्र नाही. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या पाइपलाइनी आहेत आणि मोठमोठ्या टाक्या आहेत, ज्यांची वापरण्याजोगी क्षमता सुमारे ७ कोटी ६० लाख बॅरल. मे महिन्याच्या वायद्याची मुदत २१ एप्रिलला संपणार होती. मुदत संपताना ज्याच्या नावावर खरेदीचा सौदा उभा, त्यानं मे महिन्यात कुशिंगला टाकी किंवा पाइपलाइनमधली जागा दाखवून तेल ताब्यात घ्यायचं.

१७ एप्रिलला संपलेल्या आठवड्यात कुशिंगमध्ये जवळपास ६ कोटी बॅरल तेल साठलेलं होतं. क्षमतेच्या पाऊणपट. वाचणाऱ्याला वाटेल, मग पाव जागा तर शिल्लक होती की. कागदावर होती. प्रत्यक्षात ती जागा आधीच भाड्यानं दिलेली होती. अजून तेल यायचं होतं इतकंच. पाऊणपट भरलेली टाकी आणि पूर्ण भरलेली टाकी यांत नवख्या खरेदीदाराच्या दृष्टीनं काही फरक उरला नव्हता. साठ्याचे आकडे वापरून मॉडेल बांधणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं, कारण ईआयए छापते तो साठ्याचा आकडा असतो, मोकळ्या जागेच्या भाड्याचा करार त्यात दिसत नाही.

सोमवारची दोन मिनिटं

सोमवारची सकाळ उजाडली तेव्हा मे वायद्यात सुमारे १ लाख ८ हजार सौदे उभे होते. दिवस संपताना त्यांतले १३ हजारांच्या आसपास उरले. म्हणजे मुदतीच्या आदल्या दिवशी ९५ हजार सौदे, साडेनऊ कोटी बॅरल कागदी तेल, बाहेर पडलं. बाहेर पडायला दार लागतं; खरेदीचा सौदा कापायचा तर समोर कुणी घेणारा हवा. ज्याच्याकडे टाकी आहे तोच खरा घेणारा, आणि टाकीवाल्यांना घाई नव्हती.

शुक्रवारचा सेटलमेंट भाव, म्हणजे दिवसाच्या हिशेबासाठी ठरणारा भाव, १८.२७ डॉलर होता. सोमवारी दिवसभर भाव घरंगळत राहिला. न्यूयॉर्कच्या घड्याळात दुपारचे दोन वाजून गेले आणि भाव शून्याखाली उतरला. पुढच्या वीसेक मिनिटांत तो उणे ४०.३२ पर्यंत गेला. या वायद्याचा सेटलमेंट भाव २ वाजून २८ मिनिटं ते २ वाजून ३० मिनिटं या दोन मिनिटांतल्या सौद्यांच्या भारित सरासरीवरून ठरतो. त्या सोमवारी तो आकडा निघाला उणे ३७.६३.

दोन मिनिटांच्या या खिडकीला एक जोडदुवा आहे. सेटलमेंटच्या भावानं सौदा करण्याची सोय, बाजाराच्या बोलीत टीएएस. सकाळी दोघं ठरवतात, की आज दुपारी जो सेटलमेंट भाव निघेल, त्याच भावानं तू घे, मी विकतो. फारतर १० सेंट वरखाली. सरासरी भाव मिळावा म्हणून मोठे फंड ही सोय वापरतात. पण ज्यानं टीएएसमध्ये खरेदी केली, त्याला तोच माल दुपारपर्यंत खुल्या बाजारात विकून मोकळं व्हायचं असतं, आणि खिडकीपाशी भाव जितका खाली जाईल तितका त्याचा फायदा. त्या दिवशी टीएएसमधला भाव १० सेंटच्या खालच्या मर्यादेला जाऊन टेकला. विकायला बरेच जण उभे आणि मर्यादेपलीकडे सूट देता येत नाही, अशी ती कोंडी होती. अमेरिकेच्या वायदेबाजार नियामकानं (सीएफटीसी) नोव्हेंबर २०२० मध्ये या दिवसाचा प्राथमिक अहवाल काढला. त्यात मागणी-पुरवठा, साठवण, उभे सौदे असे अनेक घटक नोंदवले, पण एकच एक कारण असं बोट ठेवून दाखवलं नाही. माझ्या मते त्यात टाळाटाळ शोधण्याचं कारण नाही. जागेची टंचाई नसती तर दोन मिनिटांच्या दबावानं भाव फारतर डॉलर-दोन डॉलर हलला असता. आणि दबाव नसता तर टंचाईनं भाव शून्याच्या आसपास नेला असता, उणे ३७ पर्यंत नेला असता का, याची मला शंका आहे.

भाव उणे होऊ शकतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं, असं मात्र म्हणता येत नाही. सीएमईनं ८ एप्रिललाच परिपत्रक काढून ठेवलं होतं : डब्ल्यूटीआयचा एखादा वायदा ८ ते ११ डॉलरच्या दरम्यान सेटल झाला तर आम्ही ऑप्शनचं (ठरल्या भावानं खरेदी-विक्रीचा हक्क देणाऱ्या सौद्यांचं) गणित बदलू शकतो, ८ च्या खाली गेला तर बदलूच. १५ एप्रिलला तर सदस्यांना उणे भावांची चाचणी घेण्याची सोय करून दिली होती. पाच दिवसांनी ती चाचणी खऱ्या पैशांनी झाली.

एकाच दिवसाची तीन उत्तरं

‘त्या दिवशी तेल किती पडलं?’ हा प्रश्न साधा वाटतो. मे वायदा १८.२७ वरून उणे ३७.६३ वर आला, फरक ५५.९० डॉलर, बातम्यांमध्ये ३०६ टक्के घसरण. जून वायदा २५.०३ वरून २०.४३ वर आला, सुमारे १८ टक्के. ब्रेंटचा जून वायदा २८.०८ वरून २५.५७ वर, ९ टक्के. दिवस एक, वस्तू जवळपास एकच, आणि उत्तरं ३०६, १८ आणि ९.

पुढचा दिवस जास्त बोलका आहे. मंगळवारी मे वायदा १०.०१ वर सेटल होऊन संपला. म्हणजे तो ४७.६४ डॉलरनं वर गेला. आता टक्केवारीचं सूत्र चालवा : ४७.६४ भागिले उणे ३७.६३, बरोबर उणे १२७ टक्के. भाव पावणेअठ्ठेचाळीस डॉलरनं वाढला आणि सूत्र सांगतं १२७ टक्के घसरला. पाया उणे असताना टक्केवारीला काही अर्थच उरत नाही, त्यामुळे सोमवारच्या ३०६ टक्क्यांनाही फार मान देऊ नये.

त्याच मंगळवारी जून वायदा २०.४३ वरून ११.५७ वर कोसळला. ४३ टक्के, एका दिवसात, भाव शून्याच्या वर असताना, मुदत संपायला चार आठवडे बाकी असताना, आणि भरपूर उलाढाल होत असताना. ब्रेंटही त्या दिवशी २५.५७ वरून १९.३३ वर उतरलं, जवळपास पाव हिस्सा. मला विचाराल तर अस्थिरतेचा अभ्यास करणाऱ्यासाठी खरा दिवस मंगळवार आहे. सोमवारी कुशिंगमधली जागा संपली; मंगळवारी सगळ्या बाजारानं गृहीत धरलं, की हे पुढच्या महिन्यातही होऊ शकतं. मथळे मात्र सोमवारचे झाले.

इथे वायद्यांच्या मालिकेची एक अडचण पुढे येते. ‘तेलाचा भाव’ म्हणून जी लांबलचक रेघ आपण आलेखावर पाहतो ती अखंड नसते. मे संपला की जून, जून संपला की जुलै, असे तुकडे एकमेकांना शिवलेले असतात, आणि शिवण कुठे घालायची हे ज्यानं-त्यानं ठरवायचं. मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत जवळचाच वायदा धरून ठेवला तर मालिकेत उणे ३७.६३ येतो. मुदतीच्या आठवडाभर आधी पुढच्या महिन्यावर सरकलं तर त्या मालिकेत उणे भाव कधी आलाच नाही. तिच्यातली मोठी घसरण आहे ती मंगळवारची ४३ टक्के. दोघे अभ्यासक एकाच बाजारावर काम करतात, एकाला लॉग घेता येतो, दुसऱ्याला येत नाही.

दोन ठिपक्यांचं सांख्यिकीशास्त्र

समजा लॉगचा नाद सोडला आणि नुसते डॉलरमधले फरक घेतले. उणे भावाला तिथे आडकाठी नाही. पण मग काय होतं, ते एका काल्पनिक मालिकेवर तपासू. पाच हजार दिवस, रोजच्या फरकाचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून एरवी किती लांब पडतात त्याचं माप) सव्वा डॉलर. २०१९ सारख्या शांत वर्षात डब्ल्यूटीआय साधारण याच पट्टीत हलत होतं. या मालिकेत उणे ५५.९० आणि लगेच अधिक ४७.६४ हे दोनच ठिपके टाकायचे.

पहिला ठिपका जवळजवळ ४५ प्रमाण विचलनं दूर पडतो. घंटाकृती वितरणात असा दिवस येण्याची शक्यता मोजण्यात हशील नाही. त्यापेक्षा शिखरता बघावी, म्हणजे वितरणाच्या शेपट्या किती जाड आहेत त्याचं माप. घंटाकृती वितरणाची शिखरता ३ असते. आपल्या मालिकेत ती चारशेच्या वर जाते, आणि हे चारशे जवळपास संपूर्णपणे दोन दिवसांचं योगदान आहे. उरलेल्या ४,९९८ दिवसांचा त्यात वाटा नगण्य. तेलाच्या परताव्यांच्या शेपट्या जाड असतात हे खरं आहे, गणितज्ञ बेन्वा मँडलब्रो यांनी १९६३ मध्ये कापसाच्या भावांत दाखवलं तेव्हापासून सगळ्याच जिनसांबद्दल ते माहीत आहे. पण चारशे हा आकडा शेपटीचं माप म्हणून कुणी छापला, तर तो तेलाबद्दल काही सांगत नाही. तो एका मुदतीबद्दल सांगतो.

त्याहून फसवा प्रकार सहसंबंधाचा. आजचा फरक आणि उद्याचा फरक यांचा सहसंबंध आपल्या मालिकेत मुळात शून्य धरलेला आहे. दोन ठिपके टाकल्यावर तो उणे ०.२० होतो. पाच हजार निरीक्षणांना त्याची प्रमाण त्रुटी ०.०१४, म्हणजे चाचणीचा आकडा चौदाच्या वर. कुठल्याही पाठ्यपुस्तकी निकषावर हा निष्कर्ष ‘अत्यंत सार्थ’ ठरतो : तेल आज पडलं तर उद्या चढतं. कुणी या नियमावर सौदे लावले तर पाच हजारांपैकी एकाच दिवशी त्याचा नियम खरा ठरला होता हे त्याला फार उशिरा कळेल.

म्हणून हे प्रकरण शिकवताना मी विद्यार्थ्यांना आधी तक्ता न देता आलेख देतो, आणि ती जोडी गाळून व ठेवून दोन्ही निकाल शेजारी मांडायला सांगतो. गाळणं हाही एक दावा असतो, तो लिहून केला पाहिजे, इतकंच.

लॉग आला कुठून

आता मूळ प्रश्न. भावाचा लॉग घेण्याची सवय इतकी अंगवळणी कशी पडली?

१९०० मध्ये लुई बाशलिए यांनी पॅरिसमध्ये सट्ट्याच्या गणितावर प्रबंध लिहिला. त्यात भावातले बदल पैशांतच मोजले होते, त्यामुळे तात्त्विकदृष्ट्या भाव शून्याखाली जाऊ शकत होता. पुढे पॉल सॅम्युएलसन यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांना हा दोष वाटला. शेअर शून्याखाली कसा जाईल? कंपनी बुडाली तर भागधारकाचे पैसे जातात, कर्ज त्याच्या अंगावर येत नाही. जबाबदारी मर्यादित असते. म्हणून बदल टक्क्यांत मोजायचे, लॉग घ्यायचा, की भाव आपोआप शून्याच्या वर राहतो. ऑप्शनचं मूल्य काढणारं १९७३ चं ब्लॅक-शोल्स सूत्र आणि वायद्यांसाठीचं १९७६ चं ब्लॅक यांचं सूत्र याच पायावर उभं राहिलं आणि शेअरबाजारातून ते गणित तेलाच्या बाजारात आलं.

येताना त्यानं शेअरची ती मर्यादित जबाबदारीही गुपचूप सोबत आणली. तेलाच्या बॅरलला ती नसते. नको असलेला शेअर पडून राहिला तर कुणाचं बिघडत नाही, पण नको असलेलं तेल ओतून देता येत नाही; कायदा आडवा येतो, आणि हजार बॅरल म्हणजे जवळपास १ लाख ५९ हजार लिटर. एखादी वस्तू फुकट टाकून देता येत असेल तरच तिच्या भावाला शून्याचा तळ असतो. लॉग घेणं म्हणजे ‘जागा नेहमी असेल’ असं गृहीत धरणं. वर्षानुवर्षं ते खरं होतं म्हणून कुणी ते गृहीतक म्हणून लिहून ठेवलं नाही. वीज साठवता येत नाही, त्यामुळे जर्मनीच्या वीजबाजारात उणे भाव २००८ पासून नोंदले जात आहेत; पश्चिम टेक्सासमध्ये वाहून न्यायला पाइपलाइन पुरेना म्हणून वाहा केंद्रावर नैसर्गिक वायूचे भाव २०१९ मध्ये शून्याखाली गेले होते. तेलवाल्यांना शेजारचं उदाहरण समोर होतं.

साठवणुकीचा सिद्धांतही अर्धाच वाचला गेला होता. निकोलस कॅल्डॉर आणि होलब्रुक वर्किंग या अर्थशास्त्रज्ञांपासून चालत आलेलं म्हणणं असं : साठा भरपूर असेल तर तो धक्के पचवतो आणि भाव शांत राहतो, साठा संपत आला की पचवणारं काही उरत नाही आणि भाव वर उसळतो. साठा शून्याखाली जात नाही, म्हणून उसळी वरच्या बाजूला. बहुतेक मॉडेलांत ही खालची हद्द घातलेली होती. वरची हद्द, म्हणजे टाकीची क्षमता, सहसा घातलेली नव्हती. टाकी काठोकाठ भरली की तीही धक्का पचवत नाही, आणि मग उसळी खालच्या बाजूला जाते. या मॉडेलांप्रमाणे भरलेला साठा म्हणजे कमी अस्थिरता. एप्रिल २०२० मध्ये साठा वाढत गेला आणि अस्थिरताही.

सॅम्युएलसन यांचंच १९६५ मधलं दुसरं निरीक्षण इथे कामाला येतं. वायद्याची मुदत जवळ येते तशी त्याची अस्थिरता वाढते, कारण दूरच्या महिन्याला परिस्थिती निवळायला वेळ असतो, जवळच्याला नसतो. मे, जून आणि त्यापुढचे वायदे यांच्या त्या सोमवारच्या हालचाली या नियमाला धरून होत्या. फक्त सॅम्युएलसन यांच्या मांडणीत ही वाढ हळूहळू होते. इथे शेवटच्या दोन दिवसांत ती उभी चढली.

सोमवारी मे आणि जून यांच्यातलं अंतर ५८.०६ डॉलर होतं. कुशिंगला मोकळी टाकी असलेल्या माणसानं मेचं तेल घ्यायचं, वर बॅरलमागे ३७.६३ डॉलर घ्यायचे, आणि तेच तेल जून वायद्यात २०.४३ ला विकून ठेवायचं. एका वायद्यामागे ५८,०६० डॉलर, भावाची जोखीम न घेता. पाठ्यपुस्तक सांगतं, की अशी संधी टिकत नाही. टिकली, कारण ती संधी टाकीवाल्याची होती आणि मोकळी टाकी मागूनही मिळत नव्हती. ५८ डॉलर हा तेलाचा भाव मानण्यापेक्षा एका बॅरलच्या जागेचं त्या दुपारचं भाडं मानलं, तर आकडा लगेच समजतो.

ज्यांचा बाजार आधीच बंद झाला होता

तोटा कुणाला झाला हे पाहिलं तर मॉडेलमधली चूक पैशांत दिसते. १८.२७ ला घेतलेल्या एका वायद्यात जास्तीत जास्त १८,२७० डॉलर बुडतील, असं खरेदीदार धरून चालला होता. बुडाले ५५,९००.

बँक ऑफ चायना आपल्या किरकोळ ग्राहकांना अमेरिकी तेलाच्या भावाशी जोडलेली एक योजना विकत होती. २० एप्रिलला त्या योजनेतला व्यवहार बीजिंगच्या रात्री दहा वाजता, म्हणजे न्यूयॉर्कच्या सकाळी दहाला थांबला. तेव्हा भाव शून्याच्या वर होता. हिशेब झाला तो उणे ३७.६३ नं. गुंतवलेले सगळे पैसे गेलेच, वर ग्राहक बँकेचे देणेकरी निघाले. डिसेंबर २०२० मध्ये चिनी नियामकानं बँकेला ५ कोटी ५ लाख युआनचा दंड केला. भारतात एमसीएक्सच्या (मल्टि कमोडिटी एक्स्चेंज) कच्च्या तेलाच्या एप्रिल वायद्याची मुदत नेमकी त्याच दिवशी संपत होती आणि टाळेबंदीमुळे बाजाराची वेळ संध्याकाळी पाचपर्यंत आणलेली होती. पाचला भाव शून्याच्या वर होता. न्यूयॉर्कच्या आकड्याला डॉलरच्या दरानं गुणून अंतिम भाव ठरला बॅरलमागे उणे २,८८४ रुपये. ज्या तासांत भाव शून्य ओलांडून गेला त्या तासांत या सौदेकऱ्यांना काहीच करता येत नव्हतं. दैनंदिन अस्थिरतेचं माप बंद भावापासून बंद भावापर्यंत मोजलं जातं. कुणाचा बाजार केव्हा बंद होतो हे त्या मापात नसतं.

धक्का किती दिवस राहतो

ऑप्शनच्या बाजारानं मंगळवारी आपला अंदाज दिला. शिकागोचा तेल-अस्थिरता निर्देशांक, ओव्हीएक्स, जो एरवी तीस-चाळीसच्या घरात असतो, तो २१ एप्रिलला सव्वातीनशेच्या आसपास बंद झाला. वर्षाला २५२ दिवस धरून त्याचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे १५.९, यानं भागलं की रोजची अपेक्षित हालचाल मिळते : २० टक्के. एक बारकावा सुटू नये. हा निर्देशांक ज्या फंडाच्या ऑप्शनवरून काढतात, तो फंड त्या सोमवारच्या आधीच मे वायद्यातून बाहेर पडला होता. सव्वातीनशेमध्ये उणे ३७.६३ थेट नाहीच, त्यात आहे ती पुढच्या महिन्यांची भीती. त्याच संध्याकाळी सीएमईनं जाहीर केलं, की २२ एप्रिलपासून ठरावीक ऊर्जा ऑप्शनांचं मूल्य बाशलिएच्या पद्धतीनं काढलं जाईल. एकशेवीस वर्षांपूर्वीचं ‘सदोष’ गणित कामावर परत आलं.

अस्थिरता झुंडीनं येते, एका वादळी दिवसामागे दुसरा येतो, हे रॉबर्ट एंगल यांनी १९८२ मध्ये आणि टिम बोलरस्लेव्ह यांनी १९८६ मध्ये ज्या मॉडेलात बसवलं ते गार्च. तेलाला ते चांगलं लागू पडतं. त्यात धक्क्याचा टिकाऊपणा एका आकड्यात येतो, तो ०.९८ धरला तर धक्का निम्मा व्हायला ३४ व्यवहारदिवस लागतात. जून वायद्याची ४३ टक्क्यांची घसरण अशा मॉडेलात भरली, की ते ९ जूनपर्यंत अर्ध्या धक्क्याची आठवण धरून बसतं. प्रत्यक्षात काय झालं? २२ एप्रिलला जून वायदा १३.७८, २३ ला १६.५०. ९ जूनपर्यंत तेल चाळीस डॉलरच्या जवळ पोचलेलं होतं. धक्का मॉडेलच्या हिशेबापेक्षा बराच लवकर विरला, कारण त्याचं कारणच विरलं.

१३ मे रोजी सीएफटीसीनं एक्स्चेंजेस आणि दलालांना बजावलं, की जून वायद्याच्या मुदतीलाही उणे भाव येऊ शकतो, तयारी ठेवा. १९ मे रोजी जून वायदा ३२.५० डॉलरवर शांतपणे संपला. मधल्या चार आठवड्यांत अमेरिकी उत्पादकांनी विहिरी बंद केल्या, देशाचं उत्पादन मार्चमधल्या दिवसाला सुमारे १ कोटी २८ लाख बॅरलवरून मेमध्ये १ कोटीच्या आसपास आलं. कुशिंगचा साठा मेच्या सुरुवातीला साडेसहा कोटी बॅरलच्या पुढेमागे टेकून उतरू लागला. त्याच टाक्या, तोच करार, फक्त जागा झाली.

नुसत्या मागच्या भावांवर चालणाऱ्या मॉडेलला ही जागा दिसत नाही. ती दाखवायची तर प्रसरणाच्या, म्हणजे अस्थिरता मोजणाऱ्या, समीकरणात दोन गोष्टी घालाव्या लागतील : कुशिंगच्या टाक्या किती टक्के भरल्यात, आणि वायद्याच्या मुदतीला किती दिवस उरलेत. पहिला आकडा ईआयएच्या साप्ताहिक अहवालातून काढता येतो, दुसरा दिनदर्शिकेवर आहे. दोन्ही स्वतंत्रपणे घालून फारसं साधत नाही, परिणाम त्यांच्या गुणाकारात आहे. टाकी भरलेली आणि मुदत तोंडावर, हे एकत्र आल्यावरच ते घडतं. अडचण अशी, की असा गुणाकार टोकाला गेल्याचं निरीक्षण सबंध मालिकेत एकच आहे, आणि एका निरीक्षणावरून गुणक काढता येत नाही. तो आकडा मालिकेतून काढण्याऐवजी टाकीच्या क्षमतेवरून आणि डिलिव्हरीच्या नियमांवरून हातानं ठरवावा लागतो.